पारंपरिक हॉट रॉडचे किट निवडताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डब्यावरचे चित्र पाहून हॉट रॉडच्या छोट्या प्लास्टिक मॉडेलचे किट मागवणारे आमचे बरेच ग्राहक डबा उघडल्यावर हिरमुसतात, कारण आतली चाके, इंजिन आणि सांगाडा निरनिराळ्या काळांतले निघतात. किट वाईट असते असे नाही; ते वेगळ्या प्रकारच्या गाडीसाठी काढलेले असते. पारंपरिक घडणीची हॉट रॉड बांधायची असेल, तर चित्रापेक्षा आतले सुटे भाग पाहून किट कसे निवडावे, हे नीट सांगता यावे यासाठी आम्ही हे माहितीपत्रक तयार केले आहे.

पारंपरिक कशाला म्हणायचे

हॉट रॉड ही अमेरिकेतील, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियातील, हौशी तरुणांनी स्वतःच्या हाताने घडवलेली गाडी आहे. फोर्ड कंपनीने १९२७ च्या अखेरीपासून पुढच्या चार-पाच वर्षांत मॉडेल ए या गाडीचे सुमारे ४८ लाख नग काढले, त्यामुळे नंतरच्या काळात या गाड्या जुन्या बाजारात व भंगारात अगदी स्वस्तात मिळू लागल्या. १९३२ मध्ये याच कंपनीने सामान्य गिऱ्हाइकाला परवडणारे व्ही-८ (आठ सिलिंडरांचे) इंजिन आणले, तेव्हा हलक्या जुन्या बॉडीत दमदार इंजिन बसवणे मेकॅनिकीची आवड असलेल्या कोणाच्याही आवाक्यात आले. मडगार्ड, बंपर असे अनावश्यक वजन उतरवलेल्या या गाड्या मुरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत वेगासाठी पळवल्या जात. अशा शर्यतींचे नियमन करणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ मध्ये स्थापन झाली, आणि महायुद्धानंतर १९४९ मध्ये युटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर तिचा पहिला स्पीड वीक भरला.

साधारणपणे १९४० च्या दशकापासून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत जे भाग मिळत होते, तेवढ्यांतूनच बांधलेली गाडी ती पारंपरिक हॉट रॉड, असे आम्ही मानतो. पुढे सरळ, खाली वाकवलेला ॲक्सल, पोलादी किंवा तारांची चाके, मागचे टायर उंच व पुढचे बारीक, आणि इंजिन फोर्डचे फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह सिलिंडरांच्या बाजूला असलेले) किंवा १९५० च्या दशकातील एखादे ओव्हरहेड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह वर असलेले) व्ही-८, ही तिची लक्षणे होत. रुंद ॲल्युमिनियमची चाके, स्वतंत्र सस्पेन्शन आणि गुळगुळीत आधुनिक डॅशबोर्ड असलेली गाडी स्ट्रीट रॉड म्हणून ओळखली जाते. ती देखणी असते, परंतु तिची जात वेगळी आहे आणि बाजारातील पुष्कळ किट्स तिच्यासाठीच काढलेली आहेत.

आमच्या पसंतीची किट्स

पहिलेच किट घेणाऱ्याला आम्ही निःशंकपणे रेव्हेल कंपनीचे १/२५ प्रमाणातील १९२९ फोर्ड मॉडेल ए रोडस्टर (पक्के छप्पर नसलेली उघडी गाडी) सुचवतो. हे किट २०१५ मध्ये नव्या साच्यांतून निघाले. मॉडेल ए ची बॉडी १९३२ च्या फोर्डच्या सांगाड्यावर चढवणे ही हॉट रॉडच्या जगातील सर्वांत मान्यताप्राप्त जोडणी आहे, आणि हे किट नेमकी तीच देते. त्यातील ब्यूइक कंपनीचे ‘नेलहेड’ नावाचे व्ही-८ इंजिन काळाला शोभणारे आहे, भाग एकमेकांत नीट बसतात, आणि इतर किट्समधून उसने भाग न आणताही गाडी पारंपरिक दिसते. आमच्या मते हाच या किटचा सर्वांत मोठा गुण आहे. त्याच घराण्यातील १९३० च्या मॉडेल ए कूपेचे किट पुढच्याच वर्षी आले. बंद छपराची गाडी आवडणाऱ्यांनी ते घ्यावे.

एएमटी कंपनीचे १९३२ फोर्ड रोडस्टर हे याहून कितीतरी जुने किट आहे. एकाच डब्यातून मूळ, कस्टम किंवा शर्यतीची अशी तीनपैकी कोणतीही गाडी बांधता यावी, या कल्पनेवर एएमटीने नाव कमावले आणि हे किट त्याच परंपरेतले आहे. साचे जुने असल्याने भागांच्या कडेला जादा प्लास्टिकची पातळ कड राहते, ती खरवडून काढावी लागते, आणि अशा जुन्या किट्सपैकी अनेकांत चाके लोखंडी तारेच्या ॲक्सलवर फिरती ठेवलेली असतात. एवढे करण्याची तयारी असणाऱ्याला मात्र या किटमधून जो बाज मिळतो, तो नव्या किटमधून सहसा मिळत नाही.

एएमटीच्याच ‘अला कार्ट’ या किटबद्दल आमच्याकडे वारंवार विचारणा होते. १९२९ च्या फोर्ड रोडस्टर पिकअपवरून जॉर्ज बॅरिस यांनी घडवलेल्या मूळ गाडीने १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षे ओकलंडच्या प्रदर्शनात अमेरिकेतील सर्वांत सुंदर रोडस्टरचा मान मिळवला होता. ती प्रदर्शनातील गाडी असल्याने साध्या, रस्त्यावरच्या हॉट रॉडचा अनुभव हे किट देणार नाही. ज्याला रंगकाम आणि क्रोम यांची आवड आहे त्याने ते जरूर बांधावे.

रेव्हेलची १९३२ च्या फोर्डची मालिका १९९० च्या दशकात सुरू झाली आणि तिच्यात रोडस्टर, तीन खिडक्यांची व पाच खिडक्यांची कूपे, तसेच सेडान अशा अनेक बॉडी मिळतात. बॉडीचा आकार उत्तम आहे. परंतु यांपैकी बरीच किट्स स्ट्रीट रॉडच्या धर्तीची असल्याने चाके, टायर आणि बहुधा इंजिनही दुसरीकडून आणावे लागते, याची कल्पना खरेदीपूर्वी असावी. मोनोग्राम कंपनीची १९३० च्या दशकातील फोर्डची किट्स १/२४ प्रमाणात आहेत, त्यामुळे त्यांचे भाग १/२५ च्या गाडीला लावताना जपून लावावेत. चाक किंवा कार्ब्युरेटर खपून जातो. सांगाडा आणि बॉडी यांची अदलाबदल सहसा जमत नाही. १९३२ च्या फोर्डच्या दोन्ही ॲक्सलमधले अंतर १०६ इंच होते. ते १/२५ मध्ये सुमारे १०८ मिलिमीटर आणि १/२४ मध्ये सुमारे ११२ मिलिमीटर भरते, आणि हा चार मिलिमीटरचा फरक चाकांच्या जागेवरून लगेच ओळखू येतो.

फ्लॅटहेड इंजिनाविषयी थोडे विस्ताराने

पारंपरिक हॉट रॉड म्हटले की सर्वप्रथम फोर्डचे फ्लॅटहेड इंजिन डोळ्यांपुढे येते. १९३२ मध्ये ते २२१ घनइंच क्षमतेचे आणि ६५ अश्वशक्तीचे होते, आणि अमेरिकेत ते १९५३ पर्यंत फोर्डच्या गाड्यांत बसवले जात होते. या एकवीस वर्षांत त्याचे रूप बदलत गेले, म्हणून दुसऱ्या किटमधून फ्लॅटहेड उसने घेताना ते कोणत्या काळातले आहे हे अवश्य पाहावे. रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या नळ्या हेडच्या (सिलिंडरांवरील झाकणाच्या) मध्यभागातून वर निघत असतील, तर ते १९३७ ते १९४८ या काळातील इंजिन होय. १९४९ पासून त्या हेडच्या पुढच्या टोकाला आल्या आणि पूर्वी पुढच्या बाजूला खाली, आडवा बसणारा डिस्ट्रिब्यूटर उभा झाला. रेव्हेलच्या १९४८ फोर्डच्या किटमधले इंजिन पहिल्या प्रकारचे आहे, तर एएमटीच्या १९४९ मर्क्युरीमधले दुसऱ्या प्रकारचे. युद्धोत्तर पहिल्या दोन-तीन वर्षांतली गाडी बांधत असाल आणि तिच्यात मर्क्युरीचे इंजिन बसवलेत, तर जाणकाराच्या नजरेतून ते सुटणार नाही.

फ्लॅटहेडवर दोन किंवा तीन स्ट्रॉम्बर्ग ९७ कार्ब्युरेटर एका रांगेत बसवणे हा त्या काळचा सर्वमान्य प्रघात होता. पेट्रोलच्या नळीसाठी तांब्याची पातळ तार वापरावी, ती किटमधल्या जाड प्लास्टिकच्या नळीपेक्षा कितीतरी खरी दिसते.

छप्पर उतरवणे

कूपेचे छप्पर कापून खाली आणण्याला ‘चॉप’ म्हणतात. १/२५ प्रमाणात खऱ्या गाडीवरचा एक इंच जवळजवळ बरोबर एक मिलिमीटर होतो, आणि हे प्रमाण ज्याला उमगले त्याला मोजमापाची धास्ती उरत नाही. तीन इंचांचा चॉप हवा असेल, तर छपराच्या प्रत्येक खांबातून तीन मिलिमीटरची पट्टी काढायची. कापण्याच्या रेषा चिकटपट्टी लावून चारही बाजूंनी एकाच उंचीवर आखाव्यात, बारीक दात्यांच्या करवतीने सावकाश कापावे आणि करवतीच्या पात्याची जाडीही हिशेबात धरावी. खरी अडचण खांबांच्या कलामुळे येते. मॉडेल ए चे खांब जवळजवळ उभे असल्याने कापलेले छप्पर खाली उतरवल्यावर खांबांची टोके एकमेकांवर येतात. १९३२ आणि त्यानंतरच्या गाड्यांचे खांब जसजसे कलते होत गेले, तसतशी ती टोके एकमेकांपासून सरकतात आणि छप्पर मधोमध कापून लांबवावे लागते किंवा खांब वाकवावे लागतात. म्हणून पहिला चॉप मॉडेल ए च्या कूपेवरच करावा, असा आमचा आग्रह असतो.

बॉडीची फरशी कापून बॉडी सांगाड्याच्या दोन्ही बाजूंनी खाली बसवण्याला चॅनेलिंग म्हणतात; सांगाडा उघडा ठेवून बॉडी त्याच्यावर जशीच्या तशी राहिली तर ती हायबॉय. नवख्याने हायबॉयपासून सुरुवात केलेली बरी, कारण चॅनेलिंगमध्ये आसन, स्टिअरिंग आणि रेडिएटर या सर्वांची उंची पुन्हा जुळवावी लागते.

क्रोम, गोंद आणि आपले हवामान

क्रोमच्या भागांवर प्लास्टिकचा गोंद धरत नाही, म्हणून जोडाच्या जागेवरील क्रोम कटरने खरवडून घ्यावे. संपूर्ण क्रोम काढायचे असल्यास भाग घरगुती ब्लीचमध्ये बुडवून ठेवावेत. ते काम हातमोजे घालून मोकळ्या हवेत करावे आणि ब्लीचमध्ये शौचालय साफ करण्याचे ॲसिड चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. जुन्या किट्सचे मऊ टायर प्लास्टिकच्या रिमला लागून राहिल्यास काही वर्षांत ती जागा वितळवतात, त्यामुळे डबा उघडताच टायर वेगळ्या पिशवीत ठेवावेत.

रंगाच्या बाबतीत मुंबई, कोकण आणि गोव्यातील ग्राहकांना आमची खास विनंती आहे. दमट हवेत लॅकरचा स्प्रे मारल्यास रंगावर दुधाळ धुरकटपणा येतो, आणि हॉट रॉडवर सर्वाधिक शोभणाऱ्या चकचकीत काळ्या रंगावर तो सर्वांत जास्त दिसतो. पावसाळ्यात बॉडी घासून, प्रायमर मारून, १००० नंबरच्या वॉटर पेपरने गुळगुळीत करून ठेवावी आणि वरचा रंग पाऊस उघडल्यावर द्यावा. ज्यांना थांबायचे नाही त्यांनी राखाडी किंवा लाल ऑक्साइड प्रायमरवरच गाडी पूर्ण केली तरी ती अस्सलच ठरेल, कारण पैशाअभावी किंवा काम अर्धवट असल्याने अनेक मूळ गाड्या वर्षानुवर्षे प्रायमरमध्येच फिरत होत्या. विदर्भ आणि मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दिवसांत तयार मॉडेल बंद मोटारीत ठेवू नये. बारीक खांब आणि ॲक्सल वाकतात.

मागणी नोंदवण्याविषयी

ही सर्व किट्स परदेशातून येतात, त्यामुळे डॉलरचा भाव आणि सीमाशुल्क यांनुसार किंमत बदलते. मागणी पक्की करण्यापूर्वी त्या दिवसाची किंमत आम्ही लेखी कळवतो. स्प्रेचे डबे विमानाने पाठवता येत नाहीत, ते रस्त्याने येतात आणि त्यांना किटपेक्षा अधिक दिवस लागतात. कोणत्या सालची आणि कोणत्या घडणीची गाडी बांधायची आहे हे मागणीसोबत लिहावे, म्हणजे किटबरोबर इंजिन, चाके किंवा टायर यांपैकी काय वेगळे लागेल ते आम्ही आधीच सांगू शकू. किट हाती आल्यावर भाग त्यांच्या चौकटीपासून तोडण्याआधी सूचनापत्रकाशी पडताळून पाहावेत, आणि एखादा भाग कमी किंवा तुटका आढळल्यास त्या चौकटीचे छायाचित्र आम्हाला पाठवावे.