डीएपीच्या पोत्यातला समुद्र

रब्बीच्या तोंडावर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या फॉस्फरस देणाऱ्या खताची टंचाई झाली की बातम्यांमध्ये मोरोक्कोचं नाव येतं. वाळू आणि उंटांच्या देशाचा आपल्या खताशी काय संबंध, असं अनेकांना वाटतं.

मुळात मोरोक्को म्हणजे निव्वळ वाळवंट, ही समजूतच चुकीची आहे. उत्तरेला भूमध्य समुद्र, पश्चिमेला अटलांटिक आणि मधून गेलेला अ‍ॅटलास पर्वत. त्यातलं तुबकाल शिखर ४,१६७ मीटर उंच, हिवाळ्यात बर्फानं झाकलेलं. सहारा लागतो तो पर्वतांपलीकडे. लोकसंख्या सुमारे ३.७ कोटी, राजधानी रबात, सर्वांत मोठं शहर कासाब्लांका. अरबीच्या जोडीला अमाझिग (बर्बर) भाषेलाही २०११ च्या राज्यघटनेनं राजभाषेचा दर्जा दिला. शेती, मासेमारी, पर्यटन, मोटारींचे कारखाने, सगळं आहे. पण खरी श्रीमंती फॉस्फेटची, म्हणजे फॉस्फरसयुक्त दगडाची: सुमारे ५० अब्ज टन, म्हणजे जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी जवळपास ७० टक्के. (यातला थोडा वाटा वादग्रस्त पश्चिम सहारातला आहे.)

एवढा फॉस्फरस एकाच जागी जमला कसा? मला या देशाचं वेड लागलं ते या प्रश्नामुळे.

समुद्रात वरच्या थरातले सूक्ष्म जीव फॉस्फरस वापरतात, मरतात आणि खाली बुडून कुजतात. त्यामुळे वरचं पाणी उपाशी राहतं आणि खोल पाण्यात फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचं विरघळलेलं रूप, साठतं. काही किनाऱ्यांवर वारा किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे इथे किनाऱ्यापासून दूर, ढकललं जातं. त्याची जागा घ्यायला खालचं थंड, फॉस्फेटयुक्त पाणी वर येतं आणि जीवसृष्टी बहरते. मोरोक्कोच्या किनाऱ्यावर आजही हे चालू आहे. तिथल्या सार्डिन माशांची सुबत्ता त्यातूनच आली आहे.

सुमारे ७ ते ५ कोटी वर्षांपूर्वी मोरोक्कोतल्या आजच्या खुरीबगा या फॉस्फेट खाणींच्या परिसरात उथळ समुद्र होता. मेलेल्या जीवांचा खच तळाशी साचायचा, तिथला ऑक्सिजन संपायचा आणि कुजताना सुटलेला फॉस्फेट गाळाच्या कणांमधल्या पाण्यात दाटत जायचा. मग कॅल्शियम आणि फ्लोराइडशी जुळून त्याचे ॲपेटाइट खनिजाचे कण बनायचे. पुढे प्रवाहांनी हलका गाळ सुपानं पाखडावा तसा उडवून नेला आणि जड कण थरांमध्ये उरले. या थरांत शार्कचे दात, मोसासॉर नावाच्या अवाढव्य सागरी सरड्यांची हाडं आणि इरिथेरियम या सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीच्या हत्तीच्या पूर्वजाचे अवशेषही सापडले आहेत.

‘रासायनिक खत म्हणजे विष’ असं सांगणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा. त्या पोत्यातला फॉस्फरस कधीकाळी सजीवांच्याच शरीरात होता, आणि आपल्या हाडांत, डीएनएतही तोच अणू आहे. अतिवापराचे तोटे खरे आहेत, पण तो वेगळा मुद्दा.

हा फॉस्फेटचा दगड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून सल्फ्युरिक आम्लानं त्यातून फॉस्फोरिक आम्ल काढतात. त्यात अमोनिया मिसळला की डीएपी. खुरीबगाचा दगड पाण्यात कालवून १८७ किलोमीटरच्या वाहिनीतून जोर्फ लासफर बंदरातल्या कारखान्यांकडे जातो. मात्र गंधक आणि अमोनिया मोरोक्कोला बाहेरून आणावे लागतात, आणि अमोनियाचा भाव नैसर्गिक वायूच्या भावाबरोबर चढतो. त्यामुळे वायू महागला की शेतकऱ्याच्या पोत्याचा खर्चही वाढतो, मग खाणीत दगड कितीही असो.