अणुभट्टीचा घुमट आतल्या वाफेसाठी असतो

नागपूरहून कोराडीकडे निघालं आणि कूलिंग टॉवर दिसले की सोबतचं कुणीतरी हमखास म्हणतं, "ही अणुभट्टी." तसं नाही. कोराडी आणि खापरखेडा, दोन्हीकडे कोळसा जळतो. कमरेत बारीक असलेले ते मनोरे फक्त पाणी थंड करतात. अणुवीज केंद्राची ओळख म्हणजे भट्टीभोवतीची काँक्रीटची इमारत आणि तिच्यावरचा घुमट. विमान आदळलं तरी भट्टी वाचावी म्हणून तो बांधतात, असं बहुतेकांना वाटतं. बाहेरचा मार तो झेलतोच, पण त्याचा आकार ठरतो आतून येणाऱ्या दाबावरून.

आपल्याकडच्या जडपाण्याच्या (जड हायड्रोजन असलेल्या पाण्याच्या) भट्टीत पाणी सुमारे 300 अंश सेल्सिअसला खेळत असतं. वातावरणाच्या शंभरेक पट दाबाखाली असल्यामुळे ते उकळून जात नाही. मोठा पाइप फुटला की दाब उतरतो आणि जवळपास 40 टक्के पाण्याची बघता बघता वाफ होते. साध्या दाबाला 1 लिटर पाण्याची वाफ 1,600 लिटरांहून जास्त जागा मागते. तिच्यात किरणोत्सारी द्रव्यं असू शकतात, त्यामुळे तिला बाहेर सोडता येत नाही. तो दाब इमारतीलाच सोसावा लागतो.

700 मेगावॉटच्या नव्या भट्ट्यांसाठी हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण दीड किलो धरतात, म्हणजे चौरस मीटरला 15 टन. 50 मीटर व्यासाच्या छतावर 29,000 टनांहून जास्त जोर येतो, तोही खालून वर. समजा, छत सपाट आहे, 1 मीटर जाडीचं, कडेला पक्कं धरलेलं. दाबाने ते वाकेल आणि कडेला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 700 किलो ताण येईल. आता तेवढ्याच जाडीचा अर्धगोल घ्या. दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट: उत्तर 19 किलोंच्या आत! वाकणाऱ्या स्लॅबचा मधला थर जवळजवळ बिनकामाचा राहतो. गोल कवच मात्र सगळ्या दिशांनी सारखं ताणलं जातं, म्हणून त्याची पूर्ण जाडी कामाला येते. आकाराची ताकद ती एवढीच, आणि ती मोजता येते. घुमटाखाली किंवा पिरॅमिडखाली 'ऊर्जा एकवटते' असं सांगून वस्तू विकणाऱ्यांकडे असं एकही गणित नसतं.

दीक्षाभूमीचा घुमट आतून पोकळच आहे, पण त्याला मुख्यतः स्वतःचं वजन पेलायचं असतं. भट्टीच्या घुमटाला अपघातात आतली वाफ फुगवू पाहते, आणि काँक्रीट ताणात फार कच्चं: दाबातल्या ताकदीच्या जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून काँक्रीटमध्ये नळ्या ठेवून त्यांतून पोलादी केबल ओवतात आणि जॅकने खेचून टोकं पक्की करतात. काँक्रीट आधीच इतकं आवळलेलं असतं, की वाफेचा ताण आला तरी तो ही आवळणच सैल करण्यात खर्च होतो.

खरी गोम इथे आहे. वाकवलेली केबल खेचली की ती सरळ व्हायला बघते आणि घुमटाच्या आतल्या बाजूला रेटते. बाहेरचं काँक्रीट उलट बाहेर फुगू पाहतं. केबलच्या पातळीवर दोन थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि नळ्यांमुळे नेमकं तिथेच काँक्रीट कमी असतं. 13 मे 1994 रोजी कर्नाटकातल्या कैगा अणुवीज केंद्राच्या पहिल्या युनिटचं बांधकाम चालू असताना, एकात एक अशा दोन घुमटांपैकी आतल्या घुमटाचे थर असेच सुटले आणि काँक्रीट कोसळलं. त्यानंतर तिथे एम-60 या जास्त मजबूत दर्जाचं काँक्रीट वापरलं आणि दोन्ही थरांना आडवं शिवणाऱ्या सळ्या घातल्या.

घुमट आणि गोल भिंत जुळतात तो सांधाही नाजूक. सारख्याच दाबाला भिंत घुमटापेक्षा जास्त फुगते, म्हणून तिथे काँक्रीटचं जाड कडं, म्हणजे रिंग बीम, देतात.

घुमटाशिवाय भागतच नाही असं मात्र नाही. तारापूरच्या 1969 च्या पहिल्या दोन भट्ट्यांना घुमट नाही. तिथे फुटलेल्या पाइपातली वाफ पाण्याच्या साठ्यात नेऊन तिचं पाणी करण्याची सोय आहे. त्यामुळे दाब आटोक्यात राहतो.

घुमट पुरा झाला की इंधन भरण्याआधी इमारत बंद करून आत हवा भरतात, ठरलेल्या दाबाच्या साधारण 1.15 पट. भिंत किती फुगली, चिरा कुठे उमटल्या आणि दाब उतरल्यावर त्या मिटल्या का, हे जागोजाग मोजतात. मग हवा किती गळते ते तपासतात.