टोन क्रमांक २४२

वीसेक वर्षांपूर्वी आपल्या घरांत ब्रॉडबँड आलं ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच. बोलण्याला जेमतेम ४ किलोहर्ट्झ पुरतात. एडीएसएल, म्हणजे त्याच तारेवरून ब्रॉडबँड देणाऱ्या पद्धतीचा मॉडेम, तिच्यावर १,१०४ किलोहर्ट्झपर्यंत चढायचा. तिथे तार सिग्नल खाते, शिवाय जोडांवर आपटून प्रतिध्वनी उठतात. एवढा पट्टा माहिती वाहून नेणाऱ्या एकाच लहरीला (वाहकाला) दिला, तर एकेक चिन्ह, म्हणजे एका दमात पाठवलेला माहितीचा तुकडा, जेमतेम मायक्रोसेकंदभराचं होतं. आधीच्याचा प्रतिध्वनी पुढच्यांवर चढतो आणि नुसता काला होतो.

म्हणून घाईच सोडायची. पट्ट्यात ४.३१२५ किलोहर्ट्झच्या अंतराने २५६ टोन, म्हणजे ठरावीक वारंवारितेच्या छोट्या वाहक लहरी, मांडायचे आणि प्रत्येकाने सावकाश चालायचं. चिन्ह आता सुमारे २३२ मायक्रोसेकंदांचं. त्याच्या शेपटीची नक्कल त्याच्याच सुरुवातीला चिकटवतात. प्रतिध्वनी त्या तुकड्यावर विरतो आणि घेणारा मॉडेम तो तुकडा टाकून देतो.

टोन इतके खेटून, तरी मिसळत नाहीत. एका चिन्हाच्या वेळात शंभरावा टोन बरोबर १०० आवर्तनं करतो, शेजारचा १०१. दोघांचा क्षणोक्षणी गुणाकार करून बेरीज घ्या, शून्य येतं. हे गणित बेल लॅब्जच्या रॉबर्ट चँग यांनी १९६६ मध्ये मांडलं. पण लहरी निर्माण करणारे शेकडो आंदोलक जुळवत कोण बसणार? १९७१ मध्ये वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी ते काम फूरिये रूपांतराच्या, म्हणजे लहरींची बेरीज आणि फोड करणाऱ्या गणिताच्या, आकडेमोडीवर सोपवलं.

मला यातली खरी गंमत वाटते ती बिटांच्या वाटपात. जोडणी होताना मॉडेम एकेक टोन तपासतो. स्वच्छ टोनला १५ बिटांपर्यंत, कुरकुरणाऱ्याला दोनच, अगदीच वाईट असेल त्याला काहीच नाही. आकाशवाणीचं मुंबई केंद्र मध्यम लहरींवर १०४४ किलोहर्ट्झला. टेलिफोनची तार नकळत अँटेना होते आणि ते प्रक्षेपण आत शिरतं. २४२ गुणिले ४.३१२५ म्हणजे १०४३.६. तेव्हा टोन २४२ आणि त्याचे काही शेजारी सुट्टीवर, बाकीचे कामावर.

वायफायमध्ये १९९९ पासून हीच रीत आली. तिथे सुरुवातीला वाहक ५२ आणि राखीव शेपटी ०.८ मायक्रोसेकंदांची. तेवढ्यात रेडिओलहर २४० मीटर जाते. भिंतींवर आपटून येणाऱ्या प्रतिध्वनींना ते भरपूर झालं.

एक दुखणं मात्र आहे. सगळ्या लहरींचे माथे एखाद्या क्षणी एकत्र आले, की प्रचंड उंच शिखर होतं आणि प्रवर्धकाला (सिग्नलचा जोर वाढवणाऱ्या भागाला) ते झेपेल एवढी जागा राखावी लागते. टॉवरला हे परवडतं, खिशातल्या बॅटरीला नाही. म्हणून ४जीमध्ये टॉवरकडून फोनकडे अशा लहरी येतात, पण फोनकडून टॉवरकडे जाताना बिट आधी एकमेकांत मिसळून मगच वाहकांवर ठेवतात, म्हणजे शिखरं बुटकी राहतात.