आधी प्लग, मग कार्बोरेटर

जुलैतली सकाळ, रात्रभर पाऊस, आणि जुनी स्कूटर काही केल्या सुरू होत नाही. किक मारून पाय भरून आला की मी ती ढकलत नाना पेठेतल्या आमच्या मिस्त्रींकडे नेतो. ते आधी टाकी हलवून बघतात, मग प्लग काढून बोटाने चाचपतात. "ओला आहे. पेट्रोल पोचतंय. करंट बघू." कार्बोरेटर खोलायचं काम बहुतेक वाचलेलं असतं.

बिघाडाची संभाव्य कारणं मांडून त्यांचा क्रम लावायचा, हेच काम निदान करणाऱ्या तज्ज्ञप्रणाली, म्हणजे तज्ज्ञांचं ज्ञान नियमांच्या रूपात वापरणारे संगणक प्रोग्राम, करतात. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेली 'मायसिन' ही त्यातली गाजलेली. रक्तातला संसर्ग कोणत्या जिवाणूमुळे झाला असावा, हे ती शेकडो नियमांवरून ठरवायची. प्रत्येक निष्कर्षाला उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यानचा विश्वासांक मिळे. एका नियमाने ०.६ दिले, दुसऱ्याने ०.५, तर बेरीज १.१ होत नाही. पहिल्यानंतर ०.४ शंका उरते, दुसरा पुरावा त्यातली निम्मी खातो आणि विश्वास ०.८ वर जातो.

हिशेब देखणा आहे, पण त्यात एक खोच आहे. ओला प्लग आणि त्याला येणारा पेट्रोलचा वास हे दोन पुरावे नव्हेत, एकच गोष्ट दोनदा सांगितलेली आहे. प्रणालीने ते वेगवेगळे धरले, तर चुकीचं कारणही ऐटीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसतं. मला वाटतं, नियम लिहिणाऱ्याची खरी कसोटी इथेच लागते.

आता क्रमाचं बघू. समजा, प्लग अजून काढलेलाच नाही. कार्बोरेटरमध्ये कचरा असण्याची शक्यता ४० टक्के, प्लग खराब असण्याची ३०. (आकडे समजुतीपुरते.) मग आधी कार्बोरेटर? तो खोलून साफ करायला ४० मिनिटं लागतात, प्लग बदलायला ५. दोष या दोन्हींपैकी फार तर एकातच आहे असं धरलं, तर कार्बोरेटरपासून सुरुवात केल्यास या दोन तपासण्यांना सरासरी ४३ मिनिटं जातात, प्लगपासून केल्यास ३३. म्हणून शक्यतेला खर्चाने भागायचं आणि ज्याचा भागाकार मोठा, ते आधी तपासायचं. शिवाय प्रत्येक तपासणीनंतर यादी नव्याने लावायची, कारण प्लग ओला निघताच ते ४० टक्के पार खाली येतात.

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाच्या यादीत पित्त कितीही वर असलं, तरी डॉक्टर आधी ईसीजी काढायला सांगतात. तिथे भागाकारात हृदयविकार नजरेतून सुटला तर काय होईल, हेही धरावं लागतं.