तळ्यात दाटी झाली म्हणजे नेमके काय झाले?

मे महिन्यातल्या पहाटे शेततळ्याच्या काठावर गेलात तर कधी कधी पाण्याच्या पृष्ठभागावर शेकडो तोंडे उघडझाप करताना दिसतात. नवख्याला वाटते, मासे खाद्य मागताहेत. ज्याचे तळे आहे त्याच्या मात्र पोटात गोळा येतो, कारण माशांचा श्वास कोंडलेला असतो. रात्री शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट माशांच्या बरोबरीने वापरते. त्यामुळे उजाडण्याच्या सुमारास पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी झालेला असतो. रोहू-कटल्याला लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. 3 च्या खाली गेला की ओढाताण सुरू होते. त्यात 30 अंशाचे गोडे पाणी काठोकाठ भरून धरले तरी साडेसात मिलिग्रॅमच धरते. म्हणजे शिल्लक मुळातच तुटपुंजी.

अशा वेळी शेजारचा जाणकार लगेच निकाल देतो, "बीज जास्त सोडलंत." निकाल चुकीचा नाही, पण अर्धा आहे.

आकडेमोड करून पाहू. रोहू, कटला, मृगळ यांच्या मिश्र पालनात हेक्टरी 8 ते 10 हजार बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, सोडतात. शेतकऱ्याच्या हिशेबात, गुंठ्याला साधारण शंभर. 30 बाय 30 मीटरच्या शेततळ्यात 900. सगळी जगली आणि प्रत्येकी 800 ग्रॅमची झाली, तर 720 किलो मासे. तळ्याच्या बाजू उतरत्या असल्याने तीन मीटर खोलीतही पाणी दोन हजार घनमीटरच्या आसपासच. म्हणजे घनमीटरमागे किलोचा जेमतेम तिसरा हिस्सा. आता नॉर्वेच्या समुद्रातले पिंजरे बघा. तिथे सॅमन या थंड पाण्यातल्या माशासाठी कायद्याने घातलेली मर्यादा आहे घनमीटरमागे 25 किलो. आपल्या तळ्याच्या सत्तरपट!

इतका फरक कसा? पिंजऱ्यातून समुद्राचा प्रवाह अखंड वाहतो, नवे पाणी येते, घाण वाहून जाते. शिवाय पाणी थंड असल्याने माशाची प्राणवायूची गरजही कमी. आपले शेततळे म्हणजे बंद खोली. तिथले पाणी स्वतःच श्वास घेते, स्वतःच घाण पचवते. त्यामुळे किती मासे झाले म्हणजे दाटी, हे मासे मोजून कळत नाही. ते पाणी किती वेगाने ताजे होते यावर ठरते. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारे यंत्र, लावणारा माणूस खरे तर तळे मोठे न करता मोठे करत असतो.

दाटीचा दुसरा मार अमोनियाचा. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजते तेव्हा त्यात भर पडते. दुपारी शेवाळ कर्बवायू शोषून घेते, पाण्याचा सामू (पीएच) चढतो आणि अमोनियाचा विषारी भाग वाढतो. म्हणजे पहाटे प्राणवायूची टंचाई आणि दुपारी अमोनिया, अशी दोन्हीकडून कोंडी. मासा मरत नाही, पण खाणे टाकतो. न खाल्लेले खाद्य कुजून आणखी प्राणवायू खाते. हे चक्र एकदा फिरू लागले की वाढ खुंटते, आणि मालक म्हणतो बीज खराब होते.

पण दाटी म्हणजे वाईट आणि मोकळीक म्हणजे चांगली, इतके सरळ गणितही नाही. सॅमनच्या पिंजऱ्यांवर 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात माशांचे पर (पोहण्याचे पंख), अंगाची भर आणि रक्तातली तणावाची लक्षणे एकत्र तपासली. घनमीटरमागे सुमारे 22 किलोपर्यंत दाटीचा वाईट परिणाम दिसला नाही. त्यापुढे माशांची स्थिती घसरू लागली. मात्र नुसत्या दाटीवरून माशाची हालत सांगता येत नाही, हेही त्याच अभ्यासाने बजावले. इंद्रधनुषी ट्राउटवर 10, 40 आणि 80 किलो दाटीत प्रयोग झाला, तेव्हा दाट टाकीत पर जास्त झिजले. पण सगळ्यात विरळ टाकीत मासे लहानमोठे निघाले. मोकळ्या जागेत दांडग्यांची दादागिरी चालली, हे त्यामागचे संभाव्य कारण. आर्क्टिक चार नावाचा थंड पाण्यातला मासा तर विरळ ठेवला की भांडतो आणि दाटीत जास्त वाढतो. गर्दीत कुणाचा प्रदेश राखायचा?

थाई मांगूर नावाचा परदेशी मासा तर कुठल्याही चिखलात तग धरतो, कारण तो हवेतूनही श्वास घेतो. त्याच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे, तरी चोरून ते चालते. तो जगतो म्हणून सुखात आहे असे कुणी समजू नये.

आंध्रातल्या कोल्लेरू सरोवराच्या परिसरातल्या मत्स्यपालकांनी तर दाटीलाच कामाला लावले. बोटुकली दाट ठेवायची, खाद्य हात राखून द्यायचे, आणि अशी खुंटवलेली पिल्ले वर्षभर सांभाळायची. मग तीच विरळ सोडली आणि पोटभर खाऊ घातले की झपाट्याने वाढतात, जणू साठलेली बाकी वसूल करतात. दाटीने आणि अर्धपोटी ठेवल्याने वाढ कायमची मारली जात नाही, अडवून ठेवली जाते, हे यातून दिसते. धंद्याच्या दृष्टीने हुशारीच. त्या अर्धपोटी वर्षाबद्दल माशाचे मत कुणी विचारलेले नाही, इतकेच.

आपल्याकडची खरी गोची मात्र कॅलेंडरची आहे. जुलैत सोडलेली दहा ग्रॅमची बोटुकली मार्च-एप्रिलपर्यंत सातआठशे ग्रॅमची झाली, तर मासे तितकेच राहूनही वजनाची दाटी सत्तर-ऐंशीपट होते. नेमक्या त्याच वेळी डाळिंबाला, द्राक्षबागेला पाणी लागते आणि तळे उपसले जाते. पाणी निम्मे झाले की दाटी दुप्पट, वर ऊन. तळे मुळात बागेसाठी खोदलेले, तेव्हा पाणी बागेला जाणारच. म्हणून अनुभवी माणसे मार्चच्या आधीच एकदा जाळे ओढून मोठे मासे बाजारात पाठवतात, जसे भाजीच्या वाफ्यात विरळणी करतात. किलोचा कटला पुढे महाग जाईल या आशेवर थांबणाऱ्याला मग मेच्या पहाटे ती तोंडे दिसतात.