हाड ओढून निघतं तेव्हा

हिवाळ्यात ठाण्यातल्या शाळांचे क्रीडामहोत्सव सुरू झाले की मैदानाच्या कडेला एक वाक्य हमखास कानावर पडतं: "काही नाही, शीर ताणली गेलीये. पाय टाकता येतोय ना? मग हाड मोडलेलं नाही." शर्यतीत पळणारा नववी-दहावीतला मुलगा मध्येच थांबतो, कमरेजवळ 'टक्' झालं म्हणतो आणि पुढे वाकून लंगडत बाहेर येतो. पीटीचे सर स्प्रे मारतात, घरी आजी गरम तेल चोळते. पण या वयात कमरेपाशी अचानक अशी कळ आली, तर शीर ताणली गेली असं गृहीत धरणं धोक्याचं आहे. कधी कधी हाडाचा एक तुकडाच सुटा झालेला असतो आणि तरीही चालता येतं.

याला ॲव्हल्शन फ्रॅक्चर म्हणतात. नेहमीच्या फ्रॅक्चरमध्ये हाडावर बाहेरून आघात होतो किंवा ते वाकून मोडतं. इथे स्नायू किंवा लिगामेंट (दोन हाडांना बांधणारा पट्टा) हाडाला इतक्या जोरात खेचतं, की ते जिथे चिकटलेलं असतं तिथला तुकडा सोबत निघून येतो. ओल्या जमिनीतून रोप उपटावं आणि मुळांसकट मातीचा गोळा वर यावा, तसं.

स्नायू हाडाला ज्या दोरीने बांधलेला असतो, ती कंडरा म्हणजे टेंडन. ती विलक्षण चिवट असते. वाढत्या वयात मात्र कंडरा थेट पक्क्या हाडाला जोडलेली नसते. हाडाच्या टोकाचा जो उंचवटा तिला धरून असतो, तो आणि मूळ हाड यांच्यामध्ये कूर्चेचा एक पातळ थर असतो. या थरातल्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या रांगेत उभ्या असतात. चळतीच्या एका टोकाला त्या विभागत राहतात, पुढे सरकताना फुगत जातात आणि शेवटी त्यांच्या जागी हाड तयार होतं. पेशी फुगतात तिथे त्यांच्यामधला आधार देणारा भाग विरळ होतो. साखळीतला कच्चा दुवा बहुधा तिथेच असतो. वयात येताना स्नायूंची ताकद झपाट्याने वाढते, पण ही कूर्चा अजून हाड झालेली नसते. चाळिशीतल्या माणसाचा स्नायू फाटला असता, तिथे पंधरा वर्षांच्या मुलाचं हाड सुटतं. बसताना ज्या हाडावर भार येतो, तिथला थर तर विशीनंतरही काही काळ उघडा राहू शकतो.

शिवाय स्नायू सर्वात जास्त ओढ लावतो तो आखडताना नाही, तर ताणला जात असताना आखडण्याचा प्रयत्न करतो तेव्हा. वेगात पळताना पाय पुढे फेकला जातो आणि मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू त्याला ब्रेक लावतात. ते त्या क्षणी लांबत असतात आणि त्याच क्षणी जोर लावत असतात. हर्डल्समध्ये किंवा नाचताना स्प्लिट घेताना बसायच्या हाडाचा तुकडा सुटतो तो यामुळेच. फुटबॉलला लाथ मारताना किंवा शर्यतीत जोरात सुटताना कमरेच्या पुढच्या बाजूचे उंचवटे धोक्यात येतात.

लचक भरली की पायाळू माणसाकडून पाय लावून घ्यायची पद्धत आपल्याकडे अजूनही आहे. आईच्या पोटातून पाय आधी बाहेर आले म्हणून कुणाच्या पायात औषध येत नाही. सुटलेल्या तुकड्यावर दाब देणं किंवा जोरात मालीश करणं उलट नुकसान करू शकतं.

निदान तसं अवघड नाही, फक्त मनात शंका यायला हवी. एका ठरावीक हाडावर बोट ठेवलं की कळ येते आणि त्या हाडाला जोडलेला स्नायू, कुणी अडवून धरलेलं असताना, हलवला की ती वाढते. दोन्ही बाजू दिसतील असा कमरेचा एक्स-रे काढला, तर दुखऱ्या बाजूचा सरकलेला तुकडा तुलनेत लगेच कळतो. तो भाग अजून कूर्चाच असेल तर एक्स-रेत काहीच दिसत नाही, मग एमआरआय लागतो. पाऊल मुरगळल्यावर करंगळीच्या बाजूला, पावलाच्या मधोमध हाडाचं जे टोक हाताला लागतं, तिथेही असाच तुकडा निघतो. मुलांच्या एक्स-रेत तिथली वाढीची रेघ हाडाच्या लांबीला समांतर दिसते, फ्रॅक्चरची रेघ साधारण आडवी. फरक एवढाच, पण गोंधळ बराच होतो.

बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. आधी बर्फ, विश्रांती आणि कुबड्या. दुखणं ओसरल्यावर हळूहळू हालचाल, मग फिजिओथेरपीने ताकद. मैदानावर परतायला सहसा दोन-तीन महिने जातात. कमरेचा तुकडा साधारण 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला असेल, तर स्क्रूने बसवण्याचा विचार होतो. टाचेचं हाड मागून सुटून आतून त्वचेवर दाब देत असेल, तर मात्र तातडीने ऑपरेशन करावं लागतं, नाहीतर वरची कातडी मरते. क्रिकेटचा चेंडू बोटाच्या टोकावर बसून टोक खाली झुकलं असेल, तर अनेकदा बोट सरळ धरणारी पट्टी पुरते. पण ती सहा ते आठ आठवडे दिवसरात्र हवी, आणि मध्येच बोट वाकलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

भरून येताना कमरेपाशी नवं हाड इतकं जमा होऊ शकतं, की काही महिन्यांनी काढलेल्या एक्स-रेत ते हाडाच्या गाठीसारखं दिसतं आणि कॅन्सरची शंका घेतली जाते. म्हणून पहिला एक्स-रे फेकू नका, आणि डॉक्टरांना "शर्यतीत टक् झालं होतं" हे आठवणीने सांगा.