२८ फेब्रुवारी: शोधाची तारीख ठरवतं कोण?

शाळांच्या फळ्यावरून २७ फेब्रुवारीचे कुसुमाग्रज पुसले जातात न जातात तोच दुसऱ्या दिवशी तिथे फेटा बांधलेले सी. व्ही. रामन येतात. १९२८ साली २८ फेब्रुवारीला रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून १९८७ पासून आपण त्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो. १९५३ साली याच तारखेला केंब्रिजमध्ये डीएनएच्या रचनेचं कोडं सुटलं. आणि त्या शर्यतीत मागे पडलेले अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांचा जन्मही २८ फेब्रुवारीचाच, १९०१ सालचा. त्यांच्या ५२ व्या वाढदिवशीच बाजी दुसऱ्यांनी मारली!

असे योगायोग ऐकायला झकास वाटतात, पण गणिताला त्यांचं फारसं कौतुक नाही. वर्गात अवघी २३ मुलं असली, तरी त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते. विज्ञानाच्या इतिहासात तर हजारो घटना, आणि तारखा फक्त ३६६. मला जास्त गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. वर्षानुवर्षं चाललेल्या कामाला ही एकच तारीख चिकटते कशी?

रामन यांचंच बघा. १९२१ साली इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीने परतताना भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांना पछाडलं. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले सांगून गेले होते. रामन यांनी खिशातल्या निकोल लोलकाने पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला, तरी पाणी निळंच! म्हणजे पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. या विषयावरचं त्यांचं ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाला पाठवलेलं पत्र मुंबई बंदरातून लिहिलेलं आहे. पुढची सात वर्षं कोलकात्याच्या बहूबाजार रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत ते आणि त्यांचे विद्यार्थी वेगवेगळ्या द्रवांमधून प्रकाश सोडून पाहत राहिले.

त्यांना सापडलं ते असं. रेणूवर आदळलेला बहुतेक प्रकाश मूळ रंगातच विखुरतो. पण फार थोडा, कोटीत एखाद्या प्रकाशकणाइतका, रेणूच्या कंपनांना थोडी ऊर्जा देतो किंवा त्यांच्याकडून घेतो, आणि त्याचा रंग किंचित सरकतो. किती सरकतो हे त्या रेणूवर अवलंबून. त्यामुळे ही सरक म्हणजे रेणूच्या बोटाचा ठसाच.

आता तारखांकडे या. ‘नेचर’ला पाठवलेल्या रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांच्या पहिल्या टिपणावर तारीख आहे १६ फेब्रुवारी, म्हणजे ‘शोधाच्या’ बारा दिवस आधीची! तोवर त्यांनी रंगीत काचांच्या गाळण्या वापरून बदललेला प्रकाश ओळखला होता. २८ तारखेला वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशातले रंग सुटे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिलं तेव्हा मूळ प्रकाश आणि बदललेला प्रकाश यांच्यामध्ये स्वच्छ काळा पट्टा दिसला. शंकेला जागा उरली नाही. वर्तमानपत्रांना बातमी दिली ती दुसऱ्या दिवशी, २९ फेब्रुवारीला. ती तारीख धरली असती, तर विज्ञान दिन चार वर्षांतून एकदाच आला असता. इकडे मॉस्कोत लँड्सबर्ग आणि मँडेलश्टाम यांना क्वार्ट्झच्या स्फटिकात हाच परिणाम २१ फेब्रुवारीला दिसला होता, पण त्यांचा निबंध मागून आला. नोबेल १९३० साली एकट्या रामन यांना मिळालं.

केंब्रिजची कथाही अशीच. २८ फेब्रुवारी १९५३ च्या शनिवारी सकाळी जेम्स वॉटसन डीएनएतल्या घटकांच्या आकाराचे पुठ्ठ्याचे तुकडे जुळवत बसले होते. ॲडेनिन-थायमिन आणि ग्वानिन-सायटोसिन या जोड्या हुबेहूब एका आकाराच्या होतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. दुपारी ‘ईगल’ नावाच्या पबमध्ये त्यांचे सहकारी फ्रान्सिस क्रिक यांनी जीवनाचं रहस्य सापडल्याची घोषणा केली, असं वॉटसन सांगतात. क्रिक यांना मात्र पुढे असं काही बोलल्याचं आठवत नव्हतं. शिवाय ज्या क्ष-किरण चित्रांच्या आधारावर हे सगळं उभं राहिलं, ती लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत आधीच काढून झाली होती. त्यांच्या तारखेचा दिवस कुणी पाळत नाही. डीएनए दिन २५ एप्रिलला असतो, कारण त्या दिवशी ‘नेचर’मध्ये निबंध छापून आले. हाच नियम रामन यांना लावला, तर विज्ञान दिन येईल ३१ मार्चला, ऐन मार्च एंडच्या धामधुमीत. रामन यांच्यासारख्या, अकाउंट्स खात्यात दहा वर्षं काढलेल्या माणसाला कदाचित ते चाललंही असतं.

पॉलिंग यांच्या बाबतीत तर एक तारीख योगायोगाची दिसतच नाही. प्रथिनांमधल्या अल्फा हेलिक्सचा, म्हणजे मळसूत्री रचनेचा, त्यांचा गाजलेला निबंध नियतकालिकाकडे गेला तो २८ फेब्रुवारी १९५१ रोजी, पन्नासाव्या वाढदिवशी. डीएनएसाठी त्यांनी मांडलेली तीन धाग्यांची रचना मात्र साफ चुकली होती.

या तारखेच्या यादीत २०२१ साली एक उल्काही दाखल झाली. इंग्लंडमधल्या विंचकम्ब गावात एका घरासमोरच्या वाटेवर तिचे तुकडे पडले. तिच्या खनिजांत पाणी होतं, आणि त्यातल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे हलक्या-जड अणूंचं, प्रमाण पृथ्वीवरच्या पाण्याशी बरंचसं जुळणारं. तिथे तेव्हा २८ फेब्रुवारीच्या रात्रीचे ९ वाजून ५४ मिनिटं झाली होती. आपल्याकडे १ मार्च लागला होता.